ताणा आणि बाणा
कुमारवयातील ध्येय व मातापित्यांचे कर्तव्य



तापीच्या तीरावर वसलेल्या या बऱ्हाणपूर नगरीत विणकामाची ओळख करून देण्याचे प्रयोजन नाही. ज्या घरात माग नाही, त्या घरातील मुलालाही मागाचा आवाज परका नसतो. कापड विणण्यापूर्वी ताणा लावावा लागतो, हे येथे पोरसवदा मुलगाही जाणतो. उभे धागे मोजून, जुळवून व योग्य तितके ताणून बसविल्यावाचून धोटा चालत नाही. परंतु नुसता ताणा म्हणजे वस्त्र नव्हे. त्या उभ्या धाग्यांतून आडवा धागा, म्हणजे बाणा, फिरू लागतो तेव्हाच वस्त्र तयार होते. मराठी भाषेत 'बाणा' या शब्दाचा आणखी एक अर्थ आहे. माणसाने स्वतः स्वीकारलेले आणि प्राणपणाने सांभाळलेले ब्रीद, यालाही बाणा असेच म्हणतात.

कुमारवयातील मुलामुलींच्या ठायी जीवितध्येयाची जाणीव कशी उत्पन्न होते आणि त्यांच्या व्यवसायाची दिशा ठरण्यात आईबापांचा वाटा कोणता, हा प्रस्तुत व्याख्यानाचा विषय आहे. त्याचे सार या दोन शब्दांत सामावले आहे. ताणा आईबापांनी लावावयाचा असतो. बाणा मुलाने स्वतः भरावयाचा असतो. ताणा लावण्याची टाळाटाळ करणारे आईबाप जितके चुकतात, तितकेच मुलाच्या हातातील धोटा हिसकावून घेणारे आईबापही चुकतात.

पूर्वीच्या काळी हा प्रश्न एवढा बिकट नव्हता. विणकराचा मुलगा विणकर होई, सोनाराचा सोनार होई, शेतकऱ्याचा मुलगा नांगर धरी. सतराव्या शतकात टॅव्हर्निए नावाचा फ्रेंच प्रवासी बऱ्हाणपुरात आला होता. येथील तलम कापड इराण, तुर्कस्तान, रशिया आणि पोलंडपर्यंत जात असल्याचे त्याने नमूद केले आहे. ते कापड विणणाऱ्या हातांना 'पुढे काय व्हावयाचे' असा प्रश्न कोणी विचारला नसेल. बापाच्या शेजारी बसून कांड्या भरता भरता मुलगा धंदा शिके आणि त्या धंद्याबरोबर सचोटी, चिकाटी व बिरादरीतील आपली जागा या गोष्टीही त्याच्या अंगवळणी पडत. त्या व्यवस्थेत सुरक्षितता होती. परंतु तिच्यात जन्मावरून माणसाला जखडून टाकणारी बेडीही होती, याचा विसर पडू देता कामा नये.

मात्र त्याही काळी एका विणकराने उपजीविका आणि जीवितकार्य या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत, हे आपल्या आचरणाने दाखविले. कबीरांचा माग वंशपरंपरेने आलेला होता. त्यांची वाणी वंशपरंपरेने आलेली नव्हती. त्यांच्या ज्या बीजकावर याच बऱ्हाणपुरात पूरणसाहेबांनी 'त्रिज्या' ही टीका लिहिली, तो बीजक काही मागाच्या मजुरीतून निर्माण झाला नाही. आणि मागाची लाज वाटून माग सोडल्यामुळेही झाला नाही. पोट कशावर भरावयाचे हा एक प्रश्न, आणि जगावयाचे कशासाठी हा दुसरा. हे दोन प्रश्न एकच आहेत असे मानण्यात आजच्या पालकांचा पहिला घोटाळा होतो.

आज बऱ्हाणपूर जिल्ह्यात यंत्रमाग आहेत, केळीच्या बागा आहेत, आणि सातपुड्याच्या कुशीत नेपानगरचा कागदाचा कारखाना आहे. भारतातील वृत्तपत्री कागदाचा हा पहिला कारखाना 1956 मध्ये पंडित नेहरूंच्या हस्ते राष्ट्राला अर्पण झाला. त्याच्याभोवती एक नवे गावच उभे राहिले आणि गावाचे नावही कारखान्यावरूनच पडले. अशा ठिकाणी नोकरी लागली की जन्माचे कल्याण झाले, अशी एका पिढीची श्रद्धा होती व ती अकारण नव्हती. परंतु त्याच कारखान्याचे उत्पादन पुढे काही वर्षे बंद राहिले आणि नूतनीकरणानंतर 2022 मध्ये ते पुन्हा सुरू झाले. आईबाप ज्या जगाच्या अनुभवावरून सल्ला देतात, ते जग मुलगा कर्ता होईपर्यंत तसेच राहील याची हमी कोणीही देऊ शकत नाही. म्हणून 'अमुक नोकरी धर' हा सल्ला कालांतराने शिळा होतो. 'हाती घेतलेले काम असे कर' ही शिकवण मात्र शिळी होत नाही.

या तत्त्वाला पुष्टी देणारे एक थोर उदाहरण बऱ्हाणपुराहून फार दूर नसलेल्या महू येथे आरंभ पावते. 14 एप्रिल 1891 रोजी महूच्या लष्करी छावणीत भीमराव आंबेडकरांचा जन्म झाला. त्यांचे वडील सुभेदार रामजी सकपाळ हे कबीरपंथी होते आणि त्यांनी लष्करी शाळेत मुख्याध्यापक म्हणून काम केलेले होते. मुलाने इंग्रजी उत्तम शिकावे म्हणून ते स्वतः त्याच्याकडून पाठ करवून घेत. मुंबईत परळच्या चाळीत एकाच खोलीत सारा संसार होता आणि अभ्यासाला निवांत जागा नव्हती. तेव्हा रामजी मुलाला लवकर निजवीत, आपण दोन वाजेपर्यंत जागत आणि मग मुलाला अभ्यासासाठी उठवीत. मुलाला एखादे पुस्तक हवे झाले आणि हाती पैसा नसला, तर ते आपल्या विवाहित मुलींकडे जात, त्यांचा एखादा दागिना मागून आणीत, तो गहाण ठेवून पुस्तक घेत आणि निवृत्तिवेतन हाती येताच दागिना सोडवून परत करीत.

या हकिकतीत ध्यानात घेण्याजोगी गोष्ट अशी, की रामजींनी मुलाला 'तू घटना लिही' असे सांगितले नव्हते. तशी कल्पना त्या काळी कोणाच्या मनास शिवणेही अशक्य होते. त्यांनी जागून काढलेली रात्र दिली, पुस्तक दिले, आणि विद्येसाठी दागिना गहाण पडला तरी चालेल पण विद्या गहाण पडता कामा नये, हे प्रत्यक्ष कृतीने दाखविले. हा ताणा होय. यापुढची गोष्ट अधिक बोधप्रद आहे. 1912 मध्ये बी. ए. झाल्यावर भीमरावांनी बडोदे संस्थानात नोकरीला जावयाचे ठरविले. वडिलांना ते पसंत नव्हते. तरीही 1913 च्या जानेवारीत मुलगा बडोद्यास गेला. थोड्याच दिवसांत वडिलांच्या आजाराची तार आली आणि 2 फेब्रुवारी 1913 रोजी रामजींचे देहावसान झाले. त्याच वर्षी सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर भीमराव अमेरिकेस निघाले. पुढे जे घडले ते रामजींनी पाहिले नाही. मुलाच्या एका निर्णयाशी त्यांचा मतभेद होता. परंतु तो निर्णय करण्याचे बळ मुलाच्या अंगी त्यांच्याच शिकवणीने आलेले होते. बापाच्या शिकवणीचे यश मुलाच्या आज्ञाधारकपणावरून मोजावयाचे नसते, हे येथे स्पष्ट होते.

दुसरे उदाहरण इंदूरचे आहे. तेथे भागवत घराण्यात दोन बहिणी जन्मास आल्या. थोरली दुर्गा 1910 ची आणि धाकटी कमला 1911 ची. वडील नारायणराव भागवत हे रसायनशास्त्रज्ञ होते आणि चुलतेही त्याच शास्त्रातले. दोघांचेही शिक्षण बंगळूरच्या टाटा विज्ञानसंस्थेत झालेले. धाकट्या मुलीने वडिलांचीच वाट धरली. 1933 मध्ये मुंबई विद्यापीठाची पदवी उत्तम रीतीने संपादन करून तिने त्याच बंगळूरच्या संस्थेकडे प्रवेश मागितला. संस्थेचे संचालक सर चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी ती स्त्री आहे म्हणून प्रवेश नाकारला. तिने माघार घेतली नाही. सत्याग्रहाची भाषा केली. अखेर काही अपमानकारक अटींवर का होईना, तिला प्रवेश मिळाला. पुढे 1939 मध्ये केंब्रिज विद्यापीठाची डॉक्टरेट तिने मिळविली. विज्ञानात ही पदवी संपादन करणारी पहिली भारतीय महिला म्हणून कमला सोहोनी यांचे नाव इतिहासात राहिले.

थोरल्या बहिणीने मात्र वडिलांचे शास्त्र घेतले नाही. लोकसाहित्य, संस्कृती आणि ललित निबंध हे दुर्गा भागवतांचे क्षेत्र झाले. 1975 मध्ये कऱ्हाडच्या मराठी साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदावरून त्यांनी आणीबाणीच्या विरोधात निर्भयपणे आवाज उठविला आणि त्यापायी कारावासही सोसला. घर एकच, पण एक बहीण प्रयोगशाळेत गेली आणि दुसरी लोककथांच्या रानात शिरली. दोघींच्या विषयांत काडीचे साम्य नाही. परंतु 'जे सत्य वाटले त्यासाठी एकटीने उभे राहीन' हा पीळ दोघींत एकच आहे. ताणा एक असूनही बाणा निराळा असू शकतो, याहून चांगला दाखला शोधूनही सापडणार नाही. त्या काळी मुलींच्या शिक्षणाची वाट किती अरुंद होती हे लक्षात घेतले, म्हणजे मुलीच्या बुद्धीला मुलाच्या बुद्धीइतकाच मान देणाऱ्या घराचे मोल कळते. आजही दहावी झालेल्या मुलाला 'पुढे काय करणार' असे विचारणारे, परंतु त्याच वर्गातील मुलीला तो प्रश्न न विचारता स्थळाची चर्चा करणारे घर विरळा नाही. ज्या मुलीला प्रश्नच विचारला जात नाही, तिला उत्तर शोधण्याची संधी कोठून मिळावी?

तिसरे उदाहरण आईचे आहे. विनोबा भावे यांचे वडील नरहरपंत हे रसायन व रंगविद्येची आवड असलेले, नव्या दृष्टीचे गृहस्थ होते. मुलाने त्याच मार्गाने जावे असे त्यांना वाटे. आई रुक्मिणीबाई फारशा शिकलेल्या नव्हत्या. भक्ती आणि निःस्वार्थ आचरण हेच त्यांचे धन होते. विनोबांनी एके दिवशी आपली प्रमाणपत्रे आईसमक्ष चुलीत जाळली. 1916 च्या मार्चमध्ये ते परीक्षेसाठी मुंबईस निघाले, ते वाटेत सुरतेस उतरून काशीस गेले. कोणत्याही आईबापांना असह्य व्हावी अशीच ही घटना. परंतु त्यापूर्वी कधीतरी त्या आईने मुलाजवळ गीता समजत नसल्याची खंत बोलून दाखविली होती आणि तूच मराठीत ती का करीत नाहीस, असे त्याला विचारले होते. आई 1918 मध्ये निवर्तली. त्यानंतर बारा-तेरा वर्षांनी विनोबांनी 'गीताई' रचली आणि 1932 मध्ये ती प्रसिद्ध झाली. त्याच वर्षी शेजारच्या धुळ्याच्या तुरुंगात त्यांनी गीतेवर प्रवचने दिली आणि ती साने गुरुजींनी उतरून घेतली. विद्येचा अधिकार नसलेल्या आईनेही केवळ आपल्या अंतःकरणातील तळमळ मुलापुढे उघडी केली, तर तिचे बीज किती वर्षांनी उगवेल याचा नेम नाही.

ही थोरांची उदाहरणे झाली. सामान्य घरांना ती कशी लागू पडावी, अशी शंका घेतली जाईल. आधुनिक मानसशास्त्रही याच दिशेने बोट दाखविते. जेम्स मार्शिया या मानसशास्त्रज्ञाने 1966 मध्ये कुमारांच्या आत्मशोधाच्या चार अवस्था सांगितल्या. त्यांतील एका अवस्थेत मूल स्वतः कसलाही शोध न घेता आईबापांनी दिलेले ध्येय जसेच्या तसे स्वीकारते. वरकरणी असे मूल शहाणे, निश्चयी व निर्वेध दिसते. परंतु तो निश्चय त्याच्या स्वतःच्या विचारातून उपजलेला नसल्यामुळे संकटाच्या वेळी त्याला तो पुरेसा आधार देईलच असे नाही. विल्यम डेमन या अमेरिकन विचारवंताने ध्येयाचा अर्थ असा केला आहे, की जे स्वतःला अर्थपूर्ण वाटते आणि त्याच वेळी स्वतःपलीकडील जगालाही उपयोगी पडते, असे काही दीर्घकाळ साधण्याचा निर्धार म्हणजे ध्येय. या व्याख्येत पगाराचा आकडा नाही, याची नोंद घ्यावी.

आणि हा केवळ तात्त्विक ऊहापोह नव्हे. बऱ्हाणपुरातून कितीतरी मुले शिकवणीवर्गांसाठी इंदूरला जातात, काही कोट्यालाही जातात. घरदार सोडून सोळाव्या-सतराव्या वर्षी भाड्याच्या खोलीत राहतात. त्यांच्यामागे बापाचे कर्ज असते, आईचा मोडलेला दागिना असतो आणि 'आता तूच काय ते' हे शब्द असतात. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या 2022 च्या आकडेवारीप्रमाणे त्या एका वर्षात देशातील 13,000 हून अधिक विद्यार्थ्यांनी आपले जीवन संपविले. प्रत्येकाचे कारण निराळे असेल. सारा दोष आईबापांच्या माथी मारणे अन्यायाचे होईल. तथापि रामजींनी गहाण ठेवलेला दागिना आणि आज मोडलेला दागिना यांत एक भेद अवश्य विचारात घ्यावा. तो दागिना पुस्तकासाठी होता; त्याची परतफेड बापाने स्वतःच्या पैशातून केली. आजच्या दागिन्याची परतफेड अनेकदा मुलाच्या गुणपत्रिकेतून मागितली जाते. ज्या त्यागाचा हिशेब मुलाला रोज ऐकावा लागतो, तो त्याग उरत नाही. ते कर्ज होते. आणि नापास झालेल्या मुलाला घरी परत येण्याचे तोंड उरत नसेल, तर त्या घराने सर्व काही दिले, पण आधार दिला नाही, असेच म्हणावे लागेल.

याच्या उलट, मुलाला वाटेल ते करू द्यावे, हेही खरे नाही. ताणा फार ओढला तर धागा तुटतो, आणि सैल सोडला तर गुंता होतो, हे मागावर बसणाऱ्याला सांगावे लागत नाही. 'पंधरा वर्षांच्या पोराला काय कळते' ही आईबापांची तक्रार अगदीच खोटी नाही. हातावर पोट असलेल्या घराला मुलाच्या आवडीनिवडी पुरविण्याची चैन परवडत नाही, हेही खरे. परंतु ध्येय ही चैनीची वस्तू नव्हे. जे घर गरीब आहे, त्या घरातील मुलाला तर कष्टांत टिकून राहण्यासाठी त्याची अधिकच गरज असते.

मग आईबापांनी प्रत्यक्ष काय करावे? पहिली गोष्ट ही, की आपल्या कामाविषयी मुलांशी मोकळेपणाने बोलावे. यंत्रमागावर रात्रपाळी करून आलेला बाप बहुधा एवढेच सांगतो, की 'माझ्यासारखे हाल तुझे होऊ नयेत.' यात प्रेम आहे. परंतु कष्ट म्हणजे अप्रतिष्ठा, अशी शिकवणही त्यात नकळत मिसळलेली असते. सदोष कापड गिऱ्हाइकाच्या गळ्यात न मारता आपण ते वेगळे का काढले, हे त्याच बापाने सांगितले, तर मुलाला एका वाक्यात व्यवसायनीतीचा धडा मिळेल.

दुसरी गोष्ट, उत्तरे देण्याऐवजी प्रश्न द्यावेत. थोर खगोलशास्त्रज्ञ जयंत नारळीकर यांचे बालपण बनारसला गेले. तेथे घरी भिंतीवर फळा होता. त्यांचे मामा मोरेश्वर हुजूरबाजार हे त्यावर भाच्यासाठी एखादे अवघड गणित आव्हान म्हणून लिहून ठेवीत, आणि ते सुटेपर्यंत किंवा भाचा हार मानेपर्यंत ते तसेच राहू देत. या एका फळ्यात बळजबरी नाही आणि उदासीनताही नाही. ज्या घरात गणित येत नाही, त्या घरातही प्रश्न असतातच. यंदा केळीला भाव का पडला? सुताचा दर का वाढला? असा प्रश्न मुलापुढे टाकावा आणि त्याचे उत्तर लक्षपूर्वक ऐकावे.

तिसरी गोष्ट, मुलाला निरनिराळी कामे व ती करणारी माणसे दाखवावीत. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानेही सहावी ते आठवीच्या मुलांनी दहा दिवस दप्तराविना स्थानिक कारागिरांच्या सान्निध्यात घालवावेत असे सुचविले आहे. परंतु याकरिता शाळेची वाट पाहण्याचे कारण नाही. आपल्याच गावचा कुंडी भंडारा मुलांना दाखवावा. अब्दुर्रहीम खानखानांच्या कारकिर्दीत, 1615 च्या सुमारास, सातपुड्याच्या डोंगरातून झिरपणारे पाणी जमिनीखालील बोगद्याने विहिरींच्या मालिकेतून शहरापर्यंत आणले गेले. ते पाणी अद्याप वाहते आहे. ज्यांनी हा बोगदा खोदला त्यांची नावे कोणाला ठाऊक नाहीत. परंतु चारशे वर्षे त्यांच्या कामाने तहान भागविली. 'तू असे कोणते काम करशील, की ज्याचे पाणी दुसरा पिईल?' हा प्रश्न त्या कुंडीच्या काठावर उभे राहून विचारला, तर मुलाला तो सहसा विसरता येणार नाही.

आणि शेवटची गोष्ट, वेळ येताच हात मागे घ्यावा. आईबापांना हेच सर्वांत कठीण जाते. मुलाने निवडलेले काम आपल्या मनाजोगे नसेल. तेथे आपले मत स्पष्ट सांगावे, धोके दाखवावेत, खर्चाचा खरा हिशेब पुढे ठेवावा. एवढे केल्यावर निर्णय त्याचा, आणि तो चुकला तरी घराचे दार उघडे, हे त्याला निःसंशय कळले पाहिजे.

विणकर ताणा लावतो तेव्हा पुढे निघणारे कापड त्याच्या डोळ्यांपुढे असते. आईबापांच्या भाग्यात तेवढी निश्चिती नाही. रामजींनी पुढचे कापड पाहिले नाही, रुक्मिणीबाईंनीही पाहिले नाही. तरीही त्यांनी आपले धागे कच्चे लावले नाहीत. बऱ्हाणपुरातील ज्या घरात आज एखादा मुलगा वा मुलगी दहावीच्या पुस्तकांपुढे बसून, पुढे काय, या विचारात पडली असेल, त्या घरातील आईबापांनी प्रथम आपलेच धागे तपासून पाहावेत. धोटा त्या मुलाच्या हाती द्यावा, आणि जवळ बसून राहावे.